पाट्यावर फुटलेली कुडी

दादाचा हात पहिल्यांदा उठला तेव्हा वहिनीला आमच्या घरी येऊन दोन महिनेही झाले नव्हते. आमटीत मीठ कमी पडलं होतं. त्यानं ताट भिंतीवर फेकलं, पाटावरून उठला आणि उलट्या हातानं तिच्या तोंडात मारली. मग हात धुतले, कोट चढवला आणि कोर्टात गेला. आईनं भिंतीवरची आमटी पुसली. मी भाताची शितं वेचली. वहिनी ओठावर पदर धरून उभी होती. तिला वाटलं असेल की आम्ही दोघी काहीतरी बोलू. आम्ही बोललो नाही. आम्हाला त्यात नवीन काही नव्हतं. वडील होते तोवर अशीच ताटं उडायची, फक्त ती आईच्या अंगावर. वडील गेल्यावर तीन-चार वर्षं घर शांत होतं, एवढंच.

अमरावतीत आमचं घर अंबादेवीच्या देवळापासून जवळ होतं. मध्यप्रांत-वऱ्हाडचे ते दिवस. दादा दिवाणी कोर्टात वकिली करायचा. कोर्टात तो कधी आवाज चढवत नाही, असं लोक कौतुकानं सांगायचे. मी तेव्हा सोळा वर्षांची, शाळा सुटून घरी बसलेली. वहिनी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचे वडील अकोल्याला शाळामास्तर होते, आई लहानपणीच गेलेली. मास्तरांकडून हुंड्यापोटी फारसं काही आलं नव्हतं, पण मुलीच्या कानांत त्यांनी हिऱ्याच्या कुड्या घालून दिल्या होत्या. त्या तिच्या आजीच्या. मधे एक टपोरा हिरा, भोवती सहा लहान. शाळामास्तराच्या घरी हिरे कुठून आले, हा प्रश्न आमच्या ओळखीतल्या बायकांनी लग्नातच एकमेकींना विचारून घेतला होता.

वहिनी त्या कुड्यांची फार काळजी घ्यायची. शुक्रवारी न्हाणं झालं की डोक्याचं तेल कुड्यांवर चढायचं आणि हिरे मंद दिसू लागायचे. तेल हिऱ्याला फार पटकन धरतं, असं ती म्हणायची. मग ती परातीत जुनं धोतर पसरायची, म्हणजे कुडी निसटली तरी आपटणार नाही. वाटीत कोमट पाणी, त्यात रिठ्याचा फेस. मऊ मलमलीचं टोक काडीला गुंडाळून ती फक्त हिऱ्याच्या तोंडावरून फिरवायची. कुडी पाण्यात बुडवायची नाही, हा तिचा नियम.

"का ग बुडवायची नाही?" मी एकदा विचारलं.

"जुनी घडण आहे. मागून बंद. हिऱ्याच्या पाठीशी चांदीचा पातळ पत्रा असतो, सोनार त्याला डांक म्हणतात. उजेड आत जातो आणि त्या पत्र्यावरून परततो, म्हणून हिरा चमकतो. आत पाणी शिरलं की पत्रा काळा पडला."

राख, रांगोळी, दंतमंजन तिनं कधी लावू दिलं नाही. त्यानं हिऱ्याला काही होत नाही, पण सोनं झिजतं आणि मग हिरा सैल होतो. दोन्ही कुड्या ती डबीत मधे कापूस घालून वेगवेगळ्या ठेवायची, कारण हिऱ्यावर ओरखडा पाडू शकेल असा एक हिराच. हे सगळं तिला अकोल्याच्या म्हाताऱ्या सोनारानं शिकवलेलं. मला ते ऐकायला आवडायचं. त्या अर्ध्या तासात ती हसायची, आणि आमच्या घरात ती एरवी हसत नसे.

त्या दोन वर्षांत दादानं तिला किती वेळा मारलं ते मी मोजलं नाही. एकदा दाराच्या कडीवर तिचं कपाळ आपटलं. एकदा सदऱ्याचं बटण तुटलेलं राहिलं म्हणून चामड्याच्या पट्ट्यानं पाठ फोडली. मी तिच्या पाठीला हळद-तेल लावलं तेव्हा ती म्हणाली, "बाबांना कळवू नकोस." मी कळवलं नाही. आमच्या घरात न सांगणं हेच सगळ्यांना चांगलं जमायचं.

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आधीचे चार दिवस वहिनी बाहेर बसली होती. स्नान झालं की लगेच कुड्या घालता याव्यात म्हणून आईनंच त्या साफ करायला काढल्या. चांदीची भांडी ती धुण्याचा सोडा घालून उकळायची. तोच सोडा, तेच पातेलं. पाणी खळखळत होतं आणि आईच्या हातात कुड्या होत्या.

मी म्हटलं, "आई, वहिनी बुडवत नाही त्या. नुसत्या पुसते."

"मला शिकवतेस? तुझ्या आजीचे दागिने मी धुतलेत," आई म्हणाली आणि तिनं त्या सोडल्या.

बाहेर काढल्या तेव्हा सोनं लखलखत होतं आणि हिरे मेलेले होते. राखाडी, गढूळ, मधला तर जवळजवळ काळा. आईनं त्या पदराला पुसल्या, उन्हात धरल्या, पुन्हा पुसल्या. मग ती चुलीपुढे खाली बसली. तो चेहरा मी वडिलांच्या वेळेपासून ओळखत होते.

"दादाला सांगू नकोस," ती म्हणाली. "सूनबाईलाही नको. तिच्या तोंडून त्याला कळेल. मला आता मार सोसत नाही ग."

दादानं आईवर कधी हात उगारलेला मी पाहिला नव्हता. पण तिनं काय पाहिलं होतं ते मी विचारलं नाही. कुड्या तिनं डबीत जागच्या जागी ठेवल्या, मधे कापूस घालून.

हळदीकुंकवाच्या दिवशी वहिनीनं त्या हातात घेतल्या आणि खिडकीशी गेली. "यांना काय झालं?" तिनं मलाच विचारलं.

"घामानं असेल," मी म्हटलं. "उन्हाळा केवढा आहे."

मग तिनं रिठ्याचा फेस करून त्या दोनदा पुसल्या. फरक पडला नाही. तशाच घालून ती बायकांपुढे आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन फिरली. दादाच्या वरिष्ठ वकिलांच्या बायकोनं तिची हनुवटी धरून कान उजेडाकडे वळवला आणि काहीच न बोलता सोडून दिला. चार दिवसांनी कुड्या खोट्या असल्याची कुजबुज वकिलांच्या खोलीत पोचली असावी.

रविवारची सकाळ होती. वहिनी पाट्यावर चटणी वाटत होती, मी तांदूळ निवडत होते, आई देवापुढे. दादा स्वयंपाकघरात आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज अगदी हळू, कोर्टातला.

"कुड्या काचेच्या आहेत म्हणे."

"नाही हो. हिऱ्याच्याच आहेत. मंद झाल्यात, अकोल्याला सोनाराकडे दाखवायच्या आहेत."

"मंद झाल्यात. हिरा मंद होतो? तुझ्या बापानं काच दिली असेल. नाहीतर दिवाळीत माहेरी गेलीस तेव्हा तू बदलून आलीस. दोन्हीपैकी काय ते सांग."

"दोन्ही नाही."

"काढ."

तिचे हात मिरची-खोबऱ्यानं भरले होते. तिनं ते पुसले आणि डाव्या कानातली फिरकी सोडवू लागली. फिरकी सुटत नव्हती. दादानं वाट पाहिली नाही. त्यानं कुडी चिमटीत धरली आणि ओढली. कानाची पाळी खालपर्यंत फाटली. ती ओरडली नाही, तिच्या घशातून नुसता हवेचा आवाज आला. रक्त मानेवरून चोळीत उतरलं.

त्यानं पाट्यावरची चटणी हातानं बाजूला लोटली, कुडी मधोमध ठेवली आणि कोपऱ्यातल्या खलातला लोखंडी बत्ता उचलला. खरा हिरा घणाखालीही फुटत नाही, असं तेव्हा सगळेच मानायचे. वकील, पुराणिक, सगळेच. मीही मानत होते.

"आता कळेल," तो म्हणाला.

पहिल्या घावानं सोनं चेपलं आणि दोन लहान हिरे उडाले. दुसऱ्या घावाला तडकन आवाज आला. मधल्या हिऱ्याचे तुकडे झाले होते. दादा वाकून पाहत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. खटला जिंकल्यासारखं समाधान होतं.

"काच," तो म्हणाला, आणि उठताना त्याच बत्त्यानं त्यानं तिला मारलं.

तिनं डोक्यावर हात घेतला म्हणून घाव हातावर बसला. मनगटाच्या वर हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा खांद्यावर बसला. ती पाट्यावर पडली, आणि तो तिसऱ्यांदा हात उचलत होता.

"आईनं उकळल्या," मी म्हटलं. "सोड्यात उकळल्या म्हणून काळ्या पडल्या. मी पाहिलं. वहिनीनं काही केलं नाही."

दादा थांबला. देवघराच्या दारात आई उभी होती. ती हळूच खाली बसली आणि दोन्ही हात डोक्यावर धरून गुडघ्यांत मान घातली. वडील यायचे तेव्हा ती अशीच बसायची. दादा तिच्याकडे दोन पावलं गेला. बत्ता हातातच होता.

मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मी त्याच्या हाताला लोंबकळले आणि मनगटाला चावले. दात हाडाला लागेपर्यंत. तोंडात रक्त आलं, खारट, कोमट. त्यानं दुसऱ्या हातानं माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. समोरचा एक दात गेला. तो आजही नाही. पण बत्ता त्याच्या हातून सुटला होता. तो फरशीवर गडगडत मोरीपर्यंत गेला.

मग तो थांबला, जसा नेहमी थांबायचा. मनगटाला रुमाल बांधला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. शेजारच्या घरी कोणीतरी धान्य पाखडत होतं. तो आवाज मधेच बंद पडला होता, तो पुन्हा सुरू झाला.

वहिनी उठून बसली. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. डाव्या हाताचं बोट पाण्यात बुडवून ती फरशीवरून तुकडे टिपू लागली. ओल्या बोटाला चिकटलेला एकेक कण ती डबीत सोडत होती.

"राहू दे ग," मी म्हटलं.

"माझं आहे," ती म्हणाली. "तू कडेचे दोन बघ. चुलीकडे उडाले."

मी चुलीच्या राखेत शोधून ते आणले. आई तोवर आत जाऊन एक शाल घेऊन आली. तिनं ती वहिनीच्या खांद्यावर घातली, फाटलेला कान झाकला जाईल अशी. माझ्या हातात प्रवासापुरते पैसे दिले.

"अकोल्याला घेऊन जा हिला," ती म्हणाली. "अन् परत आणू नको."

"आणि तू?"

"मी काय. माझं सगळं होऊन गेलं."

टांग्यानं स्टेशन, तिथून बडनेरा, बडनेऱ्याहून अकोला. प्रत्येक धक्क्याला वहिनीचे डोळे पांढरे व्हायचे. डब्यातल्या एका बाईनं विचारलं, "काय झालं व माय हिले?" मी म्हटलं, "पडली." बाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "अन् तू बी पडली?" असं म्हणून तिनं आपल्या तांब्यातलं पाणी दिलं आणि वहिनीला खिडकीशी जागा करून दिली.

मास्तर लहानखुरे, हळू बोलणारे गृहस्थ होते. मुलीला पाहून त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सरकारी दवाखान्यात नेलं. हाताला प्लास्टर घातलं, तिच्या कानाला आणि माझ्या हिरडीला टाके पडले, आणि डॉक्टरांनी काय पाहिलं ते मास्तरांनी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी ते आम्हाला सराफ्यात त्या म्हाताऱ्या सोनाराकडे घेऊन गेले.

सोनारानं भिंग डोळ्याला लावलं. कण कापडावर पसरले, मोठा तुकडा चिमट्यात धरला आणि खिडकीच्या काचेवर ओढला. करकर आवाज झाला आणि काचेवर पांढरी रेघ उमटली. त्यानं त्या रेघेवरून नख फिरवलं.

"हिराच हाय," तो म्हणाला. "काच असती त काचेले असं कापलं नसतं."

"मग फुटला कसा?" मास्तरांनी विचारलं.

"कडक असनं येगळं, मास्तर, अन् मार सोसनं येगळं. हिऱ्याले कोनी ओरखडू शकत नाई. पन लाकडाले असते तशी त्याले नस असते. नशीवर टोला बसला का फाटलाच. सुरतेकडले कारागीर असाच फोडतेत, एक टोला देऊन. अन् हा त बत्त्यानं ठोकला." तो थांबला. "फुटला म्हून खोटा, असं कोनी सांगतलं जवायाले?"

मग त्यानं शाबूत कुडी घेतली आणि मागचा सोन्याचा पत्रा उचकटला. आतली डांक काळ्या चिखलासारखी झाली होती. त्यानं ती खरवडली, मधला हिरा मलमलीनं पुसला आणि तळहातावर ठेवला. तो लख्ख होता. त्याला काहीच झालं नव्हतं.

"पानी शिरलं आत. कोनं उकयल्या ह्या?"

"माझ्या आईनं," मी म्हटलं. "मी तिथं होते."

वहिनी माझ्याकडे वळली. "कधी?"

"हळदीकुंकवाच्या आधी."

"म्हणजे नऊ दिवस तुला माहीत होतं. मी तुला विचारलं तेव्हाही."

"हो."

तिनं डाव्या हातानं माझ्या तोंडात मारली. पूर्ण ताकदीनं, फुटलेल्या ओठावरच. टाके घातलेल्या हिरडीतून पुन्हा रक्त आलं. सोनारानं मान खाली घालून कापडावरचे कण गोळा करायला घेतले. त्या दोन वर्षांत माझ्यासमोर पडलेल्या सगळ्या मारांमध्ये तेवढा एक मला योग्य वाटला. त्या संध्याकाळी वहिनीनं मला मऊ भात कालवून दिला आणि आम्ही त्याबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.

तीन आठवड्यांनी दादा अकोल्याला आला. मनगटावर माझ्या दातांची खूण अजून लाल होती. मास्तरांनी त्याला ओसरीवर बसवलं, सोनाराला बोलावलं आणि हिऱ्याचा तुकडा व एक काच त्याच्यापुढे ठेवली. "स्वतः ओढून पाहा," मास्तर म्हणाले.

दादानं ओढून पाहिलं. रेघ उमटली. त्यानं दुसऱ्यांदा ओढली. बराच वेळ तो काचेकडे बघत होता. मला वाटलं आता तो माफी मागेल, आणि त्या क्षणी मला तो लहानपणी मला पाठीवर घेऊन फिरवणारा दादा दिसला.

"बरं," तो म्हणाला. "झालं ते झालं. चल, सामान घे."

"मी येणार नाही," वहिनी दारातून म्हणाली.

तो उठला आणि त्यानं तिचा प्लास्टरमधला हात धरला. ती किंचाळली. मास्तर आत गेले, शाळेत मुलांना मारायचा लाकडी रूळ घेऊन बाहेर आले आणि त्यांनी तो दादाच्या बोटांवर हाणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, जणू पाठांतर न केलेल्या पोराला मारत असावेत. दादानं हात सोडला आणि म्हाताऱ्याच्या छातीवर लाथ मारली. मास्तर पायरीवरून खाली गेले.

त्यानंतर गल्ली आत आली. सोनाराचा मुलगा, समोरचा कासार, सरकीच्या गाडीवरचे दोन गाडीवान. त्यांनी दादाला ओसरीवरून ओढून अंगणात पाडलं. लाथा, काठ्या, एकानं बैलांचा आसूड. त्याचा कोट फाटला, भुवई फुटली, तो चारी पायांवर येऊन उठू पाहायचा आणि ते त्याला पुन्हा पाडायचे. मी खांबाला धरून उभी होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. प्रत्येक लाथेला बरं वाटत होतं. कोणीतरी वडिलांनाच मारत आहे असं वाटत होतं. मग त्यानं डोक्यावर दोन्ही हात धरले आणि गुडघ्यांत मान घातली, थेट आईसारखी, आणि मी तोंड फिरवलं.

"पुरे," वहिनी म्हणाली. कोणी ऐकलं नाही. ती मधे जाऊन उभी राहिली तेव्हा काठ्या थांबल्या. "पुरे झालं. त्यांना टांग्यात बसवा."

टांग्यापर्यंत त्याला मीच नेलं.

नंतर त्यानं नांदायला येण्याची नोटीस धाडली. मास्तरांनी उत्तरात डॉक्टरांच्या कागदाची नक्कल पाठवली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही. ज्या कोर्टात हळू आवाजासाठी त्याचं नाव होतं तिथं तो कागद वाचला जाणं त्याला परवडलं नसतं. वहिनी माहेरीच राहिली. हात थोडा वाकडा जुळला. डाव्या हातानं फळ्यावर लिहायला ती शिकली आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली.

मी महिन्याभरानं अमरावतीला परतले, आईसाठी. दोन वर्षांत दादानं दुसरं लग्न केलं. नवी मुलगी माझ्याच वयाची होती. तिसऱ्या महिन्यात त्यानं तिच्यावर हात उगारला तेव्हा मी मधे उभी राहिले आणि म्हटलं, "या वेळी मी साक्ष देईन. डॉक्टरांच्या कागदाची वाट पाहणार नाही." त्यानं माझ्या तोंडातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. मी त्या घरात होते तोवर त्यानं तिला मारलं नाही.

पुढल्या वैशाखात माझं लग्न झालं आणि मी ते घर सोडलं. मांडवात दादाच्या नव्या बायकोनं माझा हात धरून विचारलं, "तुम्ही गेल्यावर मी काय करू?" मी तिला वहिनीच्या अकोल्यातल्या शाळेचा पत्ता लिहून दिला. त्याहून जास्त मला काही सुचलं नाही.